मल्टिकोर लिनक्स सर्व्हर बसवताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलं आहे?

उद्यमबाग, मच्छे किंवा हद्दीपलीकडच्या शिनोळीतल्या फौंड्री आणि मशीन शॉपसाठी, गावातल्या पतसंस्थेसाठी, कॉलेजच्या लॅबसाठी. म्हणजे जिथं एक चांगला सर्व्हर घ्यायचा आहे, पण तो सांभाळायला पगारी माणूस ठेवणं परवडत नाही, अशा सगळ्यांसाठी. कमांडची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

किती कोअर घ्यावेत? आठ पुरतील की बत्तीस?

आधी काम मोजा, मग कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग. तुमचं काम तुकड्यांत वाटलं जातं का, हा खरा प्रश्न आहे. साचे भरायला दहा माणसं लावली तरी रस देणारी भट्टी एकच असेल, तर ओतकाम भट्टीच्याच वेगानं चालतं. प्रोग्रामचंही तसंच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली याचा हिशोब मांडला. समजा, ९० टक्के काम वाटता येतं आणि १० टक्के एकामागून एकच करावं लागतं. मग ८ कोअरवर वेग सुमारे ४.७ पट होतो, ३२ कोअरवर ७.८ पट, आणि कितीही कोअर लावले तरी १० पटींच्या पुढं जात नाही. आठाचे बत्तीस केले तर पैसे भरपूर जातात, वेग मात्र दुप्पटही होत नाही.

आपल्या भागात तीन तऱ्हेची कामं जास्त दिसतात. पहिलं, ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा व्यवहार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर: स्टोअर, डिस्पॅच, खरेदी, अकाउंट्स अशी वीस-तीस माणसं एकाच वेळी छोट्या छोट्या नोंदी करतात. याला ८ चांगले कोअर भरपूर झाले. उरलेला पैसा रॅम आणि एसएसडीवर घाला. दुसरं, पतसंस्था: दिवसभर पिग्मीच्या नोंदी, संध्याकाळी डे-एंड, महिनाअखेर व्याज. व्याज काढणारी बरीच सॉफ्टवेअर एका खात्यामागून दुसरं खातं अशीच चालतात, म्हणजे एकच कोअर राबतो. तिथं कोअरची संख्या कमी आणि प्रत्येक कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर घ्या. तिसरं, कास्टिंगचं सिम्युलेशन किंवा ओपनफोमसारख्या सॉफ्टवेअरमधली प्रवाहाची गणितं. ही सुंदर वाटली जातात, १६ ते ३२ कोअरचा उपयोग इथं खरा होतो. पण विकतच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा परवाना कित्येकदा कोअरच्या संख्येवर असतो. चार कोअरचा परवाना असेल तर बत्तीस कोअरचं यंत्र त्या कामापुरतं चार कोअरचंच. ऑर्डर देण्याआधी परवान्याचा कागद वाचा.

रॅम किती आणि कशी?

"किती" सगळे विचारतात, "कशी" कोणी विचारत नाही, आणि सिम्युलेशनसाठी दुसराच प्रश्न मोठा आहे. प्रोसेसरला रॅमकडं जायला ठरावीक चॅनेल असतात. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला साधारणपणे दोन. इंटेलच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या झिऑन स्केलेबलला सहा, तिसऱ्या पिढीला आठ. एएमडीच्या एपिक ७००२ आणि ७००३ ला आठ, ९००४ ला बारा. आठ चॅनेलच्या यंत्रात ६४ जीबीच्या दोनच पट्ट्या घातल्या तर सहा वाटा रिकाम्या राहतात. कोअर माहितीची वाट बघत बसतात, आणि टॉप या कमांडमध्ये मात्र ते शंभर टक्के कामात दिसतात. तेवढीच १२८ जीबी १६ च्या आठ पट्ट्यांत घ्या. विक्रेता म्हणेल, पुढं वाढवायला स्लॉट मोकळे राहू देत. बोर्डवर चॅनेलपेक्षा जास्त स्लॉट नसतील तर त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, तरीही सिम्युलेशनच्या यंत्राला मी सगळे चॅनेल आधी भरून घ्यायला सांगेन.

हिशोबाचा डेटा असेल तर ईसीसी, म्हणजे बिटची चूक ओळखून सुधारणारी रॅमच घ्या. ठेवीदाराच्या खात्यातला एक बिट गुपचूप बदलला तर तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

कोअर, थ्रेड, सॉकेट: प्रत्येक कोटेशनमध्ये वेगळा आकडा का?

सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसरची जागा. एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात आणि बहुतेक सर्व्हर प्रोसेसरचा प्रत्येक कोअर दोन थ्रेड, म्हणजे कामाच्या दोन धारा दाखवतो. लिनक्स थ्रेडलाच सीपीयू म्हणून मोजतं, म्हणून १६ कोअरच्या यंत्रावर एनप्रॉक ही कमांड ३२ सांगते. एलएससीपीयू चालवा: सॉकेट किती, प्रत्येकात कोअर किती, प्रत्येक कोअरला थ्रेड किती, हे वेगवेगळ्या ओळींत दिसतं. कोटेशन तपासताना खरे कोअर मोजा. दुसऱ्या थ्रेडमुळं कोअर दुप्पट होत नाही. कोअरमधली जी साधनं रिकामी राहिली असती ती वापरात येतात, एवढंच. ईआरपीसारख्या मिश्र कामाला त्याचा फायदा होतो. ओपनफोमसारख्या गणिताला फारच थोडा, कधी उलट वेळ वाढतो. म्हणून असं गणित खऱ्या कोअरच्या संख्येइतक्याच तुकड्यांत पाडा.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर येतात. घरच्या संगणकाला ते ठीक आहे. सर्व्हरवर एकसारखे कोअर असलेले बरे, कारण समान तुकड्यांत पाडलेलं काम सगळ्यात मंद कोअरसाठी थांबून राहतं.

लिनक्स एवढे कोअर खरंच पेलतं का?

पेलतं. एकापेक्षा जास्त प्रोसेसरचा आधार १९९६ च्या २.० आवृत्तीत आला. सुरुवातीला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक मोठं कुलूप होतं, एका वेळी एकच प्रोसेसर आत जाऊ शकायचा; ते हळूहळू फोडत फोडत २०११ च्या २.६.३९ मध्ये पूर्ण काढून टाकलं. २०२३ मधल्या ६.६ पासून कामं वाटणारा नवा शेड्युलर आहे. आजचं कर्नल ८१९२ सीपीयूंपर्यंत बांधता येतं. आपल्या बत्तीसची काळजी नको.

जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

शिकायला किंवा लॅबला घ्या. कारखान्याच्या कामाला घेताना तीन गोष्टी बघा. जुन्या दोन प्रोसेसरच्या यंत्रात कोअर भरपूर असतात, पण एकेक कोअर आजच्या मानानं मंद असतो; पतसंस्थेच्या व्याजाला तो उपयोगाचा नाही. विजेचं बिल आणि पंख्यांचा आवाज दोन्ही मोठे, ऑफिसच्या खोलीत बसवत नाही. तिसरी गोष्ट सहसा निसटते: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या गणिताच्या जादा सूचना) असलेला प्रोसेसर लागतो. झिऑन ई५ च्या व्ही२ पर्यंतच्या पिढ्यांत तो नाही, व्ही३ पासून आहे. घेण्याआधी एलएससीपीयूच्या फ्लॅग्जच्या ओळीत बघून घ्या.

कोणतं लिनक्स घालावं?

जे तुमच्या आसपासच्या एखाद्या माणसाला येतं ते. तसं कोणी नसेल तर डेबियन १३ किंवा उबंटू २४.०४ सर्व्हर. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. सॉफ्टवेअरवाल्यानं रेड हॅटच्या कुळातलंच मागितलं तर अल्मालिनक्स ९, त्याला २०३२ पर्यंत आधार आहे. सेंटओएस ७ अजून बऱ्याच ठिकाणी चालू दिसतं; त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. इंटरनेटला जोडलेलं असेल तर ते बदलणं पुढं ढकलू नका. ग्राफिकल डेस्कटॉप घालू नका.

इन्स्टॉल करण्याआधी बायोसमध्ये काय बदलायचं?

बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्सच्या आधी येणारी बोर्डची सेटिंग. चारच गोष्टी. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. पॉवर प्रोफाइल "परफॉर्मन्स" किंवा "ओएस कंट्रोल" ठेवा. व्हर्च्युअल मशीन चालवणार असाल तर व्हर्च्युअलायझेशन चालू करा. बायोसचा पासवर्ड घाला आणि तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

डिस्क कशा लावायच्या?

दोन एसएसडी, एमडीएडीएमनं रेड १ (दोन्हींवर तोच डेटा), त्यावर एलव्हीएम (डिस्कचे भाग मागाहून वाढवता येण्याची सोय). प्रणालीसाठी वेगळा भाग, डेटासाठी वेगळा, म्हणजे लॉग फुगला तरी डेटाबेस अडत नाही. फाइल सिस्टीम एक्स्ट४ किंवा एक्सएफएस. एक्सएफएस डिस्कचे स्वतंत्र गट पाडतं, त्यामुळं बरेच कोअर एकाच वेळी लिहीत असतील तर ते चांगलं चालतं. मात्र एकदा केलेला भाग लहान करता येत नाही, म्हणून एलव्हीएममध्ये थोडी जागा राखून ठेवा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून सारख्याच तत्परतेनं पुसतं.

एसएसडी घेताना वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करणारी, म्हणजे आत कपॅसिटर असलेली सर्व्हरची एसएसडी घ्या. डेटाबेसचं एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचल्याची खात्री) वेगासाठी बंद करा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

लाईट जाते तेव्हा काय?

याचं उत्तर मी सगळ्यात जपून देतो, कारण आपल्या भागात सर्व्हर कोअर कमी पडून बिघडत नाहीत, विजेनं बिघडतात. एप्रिल-मेमध्ये वळिवाचा पाऊस आला की वारा, वीज कडाडणं आणि हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची लाइन जाणं एकत्रच येतं. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाडं तारांवर पडतात. लाईट जाण्यापेक्षा ती येताना मारणारा झटका जास्त वाईट. शेजारी इंडक्शन फर्नेस किंवा मोठी वेल्डिंग मशीन असेल तर दिवसभर व्होल्टेज नाचतं.

ऑनलाइन यूपीएस घ्या. तो आलेल्या एसी विजेची डीसी करून तिच्यातून सतत नव्यानं एसी वीज तयार करून देतो, म्हणून बाहेरचा चढउतार सर्व्हरपर्यंत पोचत नाही. घरचा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सर्व्हरला लावू नका. आजच्या पॉवर सप्लायना शुद्ध साइन लहर लागते. मोजमाप व्हीएमध्ये नाही, वॉटमध्ये करा: सर्व्हर, स्विच आणि राउटर पूर्ण भारावर किती वॉट खातात ते मीटर लावून बघा आणि त्याच्या दीडपट क्षमतेचा यूपीएस घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. लाल मातीत आणि जांभ्यात उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून मोजणी मे महिन्यात करा.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडायला विसरू नका. नट हे पॅकेज घाला. बॅटरी उतरत आली की ते डेटाबेस नीट थांबवून यंत्र बंद करतं. बसवल्यावर कामाची वेळ संपल्यानंतर खरंच मेन स्विच पाडा आणि यंत्र स्वतःहून बंद होतं का, वीज आल्यावर स्वतःहून उठतं का, दोन्ही डोळ्यांनी बघा.

फौंड्रीत धूळ असते, सर्व्हर कुठं ठेवायचा?

फेटलिंग आणि ग्राइंडिंगच्या जवळ कधीच नाही. वाळूची धूळ पंखे आणि हीटसिंक बुजवते. लोखंडाची बारीक भुकटी त्याहून घातक, कारण तिच्यातून वीज वाहते. ती बोर्डवर बसली तर शॉर्ट होतो. ऑफिसच्या बाजूला, बंद दाराच्या खोलीत, जमिनीपासून वर, आत येणाऱ्या हवेला फिल्टर लावून ठेवा. फिल्टर दर महिन्याला झटका. बेळगावची हवा मुळात थंड, त्यामुळं चांगला वारा असलेल्या खोलीत वर्षाचा बराच काळ एसीशिवाय भागतं. खोली १८ ते २७ अंशांत राहिली की पुरे. पावसाळ्यात खरी अडचण ओलीची: सर्व्हर रात्री बंद करून ठेवू नका. चालू यंत्र स्वतःच्या उबेनं कोरडं राहतं.

इन्स्टॉल झालं. पहिल्या तासात काय करायचं?

सगळे अपडेट घाला. स्वतःच्या नावाचा वापरकर्ता करा, दुरून लॉगिन करायला एसएसएचची की तयार करा, ती चालते याची खात्री झाल्यावर पासवर्डनं आणि रूटनं येणारं लॉगिन बंद करा. दुसरी खिडकी उघडी ठेवूनच हे करा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं लागतील तेवढीच पोर्ट उघडा. टाइमडेटसीटीएलनं वेळ आशिया-कोलकाता करा आणि वेळ जुळवत राहणारं क्रोनी चालू ठेवा. पिग्मीच्या नोंदीवर चुकीची वेळ पडली तर लेखापरीक्षणात त्रास होतो. यंत्रावरच्या भाराची नोंद ठेवणारं सिसस्टॅट पॅकेज पहिल्याच दिवशी घालून त्याची नोंद चालू करा, म्हणजे पुढं "मागच्या मंगळवारी सर्व्हर का अडला" याला उत्तर असेल.

लोड अ‍ॅव्हरेज २० दाखवतंय. घाबरायचं का?

कोअर किती आहेत त्यावर आहे. लोड म्हणजे चालू असलेल्या आणि चालायला रांगेत उभ्या असलेल्या कामांची सरासरी. तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे. ३२ थ्रेडच्या यंत्रावर २० म्हणजे अजून जागा आहे. ४ थ्रेडच्या यंत्रावर २० म्हणजे लांबलचक रांग.

पण लिनक्समध्ये एक खुबी आहे: डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही लोडमध्ये मोजली जातात. त्यामुळं लोड ४० आणि प्रोसेसर ९० टक्के रिकामा, असं चित्र दिसू शकतं. अशा वेळी नवा प्रोसेसर घेणं म्हणजे पैसे वाया. टॉपमध्ये "डब्ल्यूए" हा आकडा बघा, तो मोठा असेल तर कामं डिस्कसाठी थांबली आहेत. कामांच्या यादीत स्थितीच्या रकान्यात "डी" असलेली कामं शोधा. बहुतेक वेळा एखादी मरायला टेकलेली डिस्क, दिवसाढवळ्या सुरू झालेला बॅकअप किंवा उत्तर न देणारा नेटवर्कवरचा फोल्डर सापडतो. डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएलनं तपासा.

एकच कोअर शंभर टक्के आणि बाकीचे रिकामे. सर्व्हर खराब आहे का?

सर्व्हर ठीक आहे, काम एकधारी आहे. टॉपमध्ये १ दाबा किंवा एमपीस्टॅटला सगळे सीपीयू दाखवायला सांगा. तो कोअर "यूएसआर" मध्ये भरलेला असेल तर एखादा प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालतो आहे. ज्यानं तो लिहिला त्याच्याशी बोला. पतसंस्थेच्या व्याजाचं काम शाखेनुसार किंवा खाते क्रमांकाच्या गटांनुसार चार तुकड्यांत चालवता येईल का, हे विचारण्यासारखं आहे. "सॉफ्ट" या रकान्यात भरलेला असेल तर नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारे संकेत) एकाच कोअरवर येत आहेत. ते वाटून देणारं आयआरक्यूबॅलन्स चालू आहे का बघा आणि कार्डाला अनेक रांगा असतील तर ईथटूलनं त्या उघडा.

रोजच्या कामातही एकधारी हत्यारं लपलेली असतात. फाइल दाबून लहान करणारं जीझिप एकाच कोअरवर चालतं. त्याऐवजी पिगझ वापरा, किंवा झेडएसटीडीला "टी शून्य" हा पर्याय द्या, ते सगळे कोअर घेतं. पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणाऱ्या पीजी डम्पला डिरेक्टरी फॉरमॅट आणि "जे ४" दिलं तर चार टेबल एकाच वेळी निघतात. सोर्सवरून काही बांधताना मेकला "जे" पुढं कोअरची संख्या द्या.

दोन प्रोसेसर आहेत, तर "न्यूमा"चं काय करायचं?

प्रत्येक प्रोसेसरची रॅम त्याच्या शेजारी असते. दुसऱ्याची रॅम वाचता येते, पण वेळ जास्त लागतो; या रचनेलाच न्यूमा म्हणतात. न्यूमासीटीएलला "हार्डवेअर" हा पर्याय दिला की कोणत्या गटात कोणते कोअर आणि किती रॅम आहे ते दिसतं. एखादा गट शून्य रॅम दाखवत असेल तर पट्ट्या एकाच बाजूला घातल्या आहेत, यंत्र उघडून वाटून घाला. ईआरपीला याहून काही करायची गरज नाही. एका प्रोसेसरवर मावेल एवढं सिम्युलेशन असेल तर ते न्यूमासीटीएलनं एकाच गटाच्या कोअर आणि रॅमला बांधा, दुसरं काम दुसऱ्या गटावर टाका.

प्रोसेसरचा वेग कमीच दिसतो, पूर्ण मेगाहर्ट्झ का मिळत नाहीत?

गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारी कर्नलची सेटिंग बघा. सीपीयूपॉवरनं तो "परफॉर्मन्स" करता येतो. अल्मालिनक्सवर ट्यून्डचं "थ्रूपुट-परफॉर्मन्स" प्रोफाइल हेच काम करतं. तरीही वेग पडत असेल तर सेन्सर्सनं तापमान बघा, फिल्टर बुजला असण्याची शक्यता मोठी. सगळे कोअर एकदम चालू असताना मिळणारा वेग, जाहिरातीतल्या एका कोअरच्या सर्वोच्च वेगापेक्षा कमीच असतो, ते मात्र साहजिक आहे.

पोस्टग्रेस नुसतं घातलं की सगळे कोअर वापरतं का?

प्रत्येक जोडणीला ते वेगळी प्रोसेस देतं, म्हणून वीस माणसांचं काम आपोआप वीस कोअरपर्यंत पसरतं. एकच मोठी क्वेरी अनेक कोअरवर वाटण्याची सोय २०१६ च्या ९.६ पासून आहे, पण मूळ सेटिंग जपून ठेवलेली आहेत: एका क्वेरीच्या वाटणीला दोनच मदतनीस, एकूण आठ. १६ कोअरच्या यंत्रावर मासिक स्टॉकचा अहवाल रेंगाळत असेल तर प्रत्येक वाटणीचे मदतनीस चार करून बघा. शेअर्ड बफर्स मूळचे १२८ एमबी असतात. फक्त डेटाबेसच असलेल्या यंत्रावर रॅमच्या पाव हिश्शापासून सुरुवात करा. वर्क मेम मूळची ४ एमबी, ती वाढवताना हात आखडता ठेवा, कारण ती प्रत्येक जोडणीला आणि तिच्यातल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी लागते. एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट ४ वरून १.१ च्या आसपास आणा. एका वेळी एकच सेटिंग बदला.

रात्रीचं सिम्युलेशन सकाळपर्यंत लांबतं आणि डिस्पॅचचं बिल निघत नाही. दोन सर्व्हर घेऊ का?

नको. सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये त्या कामाला वेगळी सर्व्हिस करा आणि सीपीयू कोटा द्या. ४०० टक्के म्हणजे चार सीपीयूंइतका वेळ. त्याहून मला सीपीयू वेट बरं वाटतं: ईआरपीला जास्त वजन, सिम्युलेशनला कमी. ईआरपी शांत असेल तेव्हा सिम्युलेशन सगळे कोअर घेतं, बिल काढायची वेळ आली की मागं सरतं. रॅमची मर्यादाही घाला, नाहीतर रॅम संपली की कर्नल त्याच्या मतानं एखादी प्रोसेस मारतं आणि ती डेटाबेसचीच असू शकते.

मराठी आणि कन्नड दोन्हींत बिलं, पावत्या छापायच्या आहेत. सर्व्हरवर काय लागतं?

सगळीकडं यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत), डेटाबेस तयार करतानाच. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर यूटीएफ८एमबी४ निवडा. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिपींतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. "बेळगाव" मध्ये काना-मात्रा धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचा रकाना बाइटनं मोजलेला असेल तर सभासदाचं आडनाव मध्येच तुटतं.

लोकेल्समधून, म्हणजे लिनक्सच्या भाषांच्या सेटिंगमधून, मराठी आणि कन्नड दोन्ही तयार करून घ्या. नोटो किंवा लोहितचे दोन्ही लिपींचे फॉन्ट सर्व्हरवर घाला, कारण पीडीएफ सर्व्हरवर बनते. फॉन्ट नसेल तर ग्राहकाच्या हातात चौकोनांची पावती जाते. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधला डेटा आणायचा असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून, नावं माणसाकडून वाचून घ्या.

नावं शोधताना एक अडचण हमखास येते. "कुऱ्हाडे" मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक ऱ वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावं. नोंद आत घेतानाच एकच रूप करणारी तपासणी प्रोग्राममध्ये घालून घ्या. माणसाचं नाव त्याच्या पासबुकावर नीट येणं, ही मला सर्व्हरच्या वेगाइतकीच मोलाची गोष्ट वाटते.

उद्यमबाग आणि शिनोळी, दोन्हीकडं युनिट आहे. एकच सर्व्हर चालेल?

चालेल. ईआरपीत २९ (कर्नाटक) आणि २७ (महाराष्ट्र) ने सुरू होणारे दोन्ही जीएसटी क्रमांक वेगळ्या शाखा म्हणून बसवा. जोडणीसाठी वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित जोडणी) वापरा. ते २०२० पासून कर्नलमध्येच आहे आणि हलकं आहे. फायबरच्या स्वस्त प्लॅनमध्ये बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, मग बाहेरून आत येता येत नाही. एक तर स्थिर आयपी मागून घ्या, नाहीतर एक छोटा भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) मधे ठेवून दोन्ही युनिटं त्याला जोडा आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. डेटाबेसचं पोर्ट थेट इंटरनेटवर कधीही उघडू नका.

बॅकअप कुठं ठेवायचा?

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. दोन युनिटं असतील तर फार चांगली सोय आहे: बेळगावची प्रत शिनोळीत. तिथली वीज महावितरणची, इथली हेस्कॉमची. दोन्हीकडं एकाच झटक्यानं नुकसान होण्याची शक्यता कमी. रेस्टिक हे बॅकअपचं हत्यार प्रत कुलूपबंद करून पाठवतं आणि बदललेलंच पाठवतं, म्हणून साध्या फायबरवरही भागतं. महिन्यातून एकदा बॅकअपवरून डेटाबेस वेगळ्या ठिकाणी उभा करा आणि कालची शिल्लक जुळते का बघा. जुळत नसेल तर तुमच्याकडं बॅकअप नाही.

वेगासाठी सुरक्षा पॅच बंद करा असं एकानं सांगितलं. करू का?

नको. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष २०१८ च्या जानेवारीत उघड झाले. त्यांवरचे उपाय ठेवीदारांच्या सर्व्हरवर चालूच हवेत. एलएससीपीयूच्या शेवटी कोणत्या दोषावर काय उपाय लागू आहे ते दिसतं.

पुढं दुसरा प्रोसेसर टाकता येईल का?

बोर्डला दुसरं सॉकेट असेल आणि प्रोसेसर दोन सॉकेटना चालणारा असेल तर येईल. तो पहिल्याच मॉडेलचा घ्या, बायोस आधी अपडेट करा, त्याचा हीटसिंक वेगळा मागवा आणि त्याच्या बाजूच्या स्लॉटमध्येही तितकीच रॅम घाला. पॉवर सप्लाय आणि यूपीएसचे वॉट पुन्हा मोजा. सुरू झाल्यावर पूर्ण भार टाकणारं स्ट्रेस-एनजी रात्रभर चालवून तापमान बघा आणि सॉफ्टवेअरचा परवाना सॉकेटवर मोजला जात असेल तर तो वाढवून घ्या.